अमेरिकेत सगळं खाजगी, मग दवाखाना एवढा महाग कसा?

प्रश्न असा आलाय: "अमेरिकेत हॉस्पिटलं खाजगी, इन्शुरन्स खाजगी, औषध कंपन्या खाजगी. मग स्पर्धेने भाव उतरायला हवेत ना? उलट जगात सगळ्यात महाग तिथेच का? आणि बाजार अजून मोकळा केला की खर्च कमी होईल असं म्हणणारे लोक आहेत, त्यात काही दम आहे का?"

दम आहे, पण जेवढा ते सांगतात तेवढा नाही, आणि जिथे सांगतात तिथे तर बऱ्याचदा नाहीच.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो म्हणजे तुम्ही त्या हिशोबाने मीठ लावून घ्याल. १९ वर्षं या धंद्यात आहे. पहिली अकरा वर्षं एका हॉस्पिटलच्या बिलिंग आणि कॉन्ट्रॅक्टच्या बाजूला, म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांबरोबर बसून रेट ठरवणाऱ्या टीममध्ये, आणि त्यानंतर टेबलाच्या पलीकडे, म्हणजे ज्या कंपन्या कर्मचाऱ्यांच्या उपचाराचे पैसे स्वतः भरतात त्यांचे प्लॅन बसवून देतो. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय.

तर पहिली गोष्ट, खाजगी म्हणजे बाजार नव्हे. बाजार म्हणायला दोन गोष्टी लागतात, घ्यायच्या आधी भाव कळला पाहिजे आणि पैसे ज्याच्या खिशातून जातात त्याला निवडायचा हक्क पाहिजे. अमेरिकेत दोन्ही नाहीत. डॉक्टर ठरवतो काय करायचं, पेशंट ते करून घेतो, इन्शुरन्स कंपनी बिल भरते, इन्शुरन्सचे पैसे तुम्ही नोकरी करता ती कंपनी भरते, आणि ती कंपनी ते तुमच्या पगारातून वळते करते जे तुम्हाला दिसत नाहीत. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, फक्त इथे हलवाई आपणच आहोत हे आपल्याला माहीत नाही. १९६० साली अमेरिकेतल्या एकूण आरोग्यखर्चातला जवळजवळ निम्मा भाग लोक थेट स्वतःच्या खिशातून द्यायचे, आता तो दहा टक्क्यांच्या आसपास आहे. आणि एकूण खर्च २०२३ मध्ये ४.९ ट्रिलियन डॉलर, म्हणजे देशाच्या जीडीपीच्या १७.६ टक्के. नोकरीतून मिळणाऱ्या फॅमिली प्लॅनचा वर्षाचा प्रीमियम २०२४ मध्ये सरासरी २५,५७२ डॉलर होता, आणि त्यातले साधारण सव्वासहा हजार कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेले दिसतात. बाकीचे एकोणीस हजार "कंपनी भरते" असं सगळे समजतात. कंपनी कुठून भरते? तुम्हाला न दिलेल्या पगारातून.

हे असं झालं कसं तर निव्वळ अपघाताने. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली सरकारने पगार गोठवले, कंपन्यांना तर माणसं हवी होती, मग पगाराऐवजी हेल्थ इन्शुरन्स द्यायची टूम निघाली कारण तो पगारात धरला जात नव्हता. १९५४ च्या टॅक्सच्या कायद्यात त्यावर टॅक्स नाही हे पक्कं करून टाकलं. म्हणजे तुम्हाला शंभर डॉलर पगार दिला तर त्यावर टॅक्स, शंभर डॉलरचा इन्शुरन्स दिला तर नाही. मग कोणीही शहाणा माणूस छोट्यातला छोटा खर्चसुद्धा इन्शुरन्समध्येच ढकलणार. गाडीच्या इन्शुरन्समधून कोणी ऑइल बदलून घेत नाही पण इथे सर्दीसुद्धा क्लेममधून जाते, आणि प्रत्येक क्लेममागे हॉस्पिटलात एक माणूस त्या उपचाराचा ठरलेला कोड टाकणारा, इन्शुरन्स कंपनीत एक माणूस तो कोड नाकारणारा आणि मग परत हॉस्पिटलात एक माणूस त्यावर अपील करणारा. मी त्यातला एक होतो म्हणून सांगतो, या तिघांच्या पगारात पेशंटचा ताप अर्ध्या डिग्रीनेही उतरत नाही.

आता आत काय चालतं ते जरा जवळून दाखवतो.

हॉस्पिटलकडे एक चार्जमास्टर असतो. हजारो ओळींची यादी, सलाईनच्या बाटलीपासून बायपासपर्यंत प्रत्येकाचा एक "चार्ज". हा आकडा कोणी खर्च मोजून काढलेला नसतो. मी नवीन असताना सिनियरला विचारलं होतं की हा अमुक चार्ज कशावरून आला, तर ती म्हणाली मागच्या वर्षीच्यावर आठ टक्के. आणि मागच्या वर्षीचा? त्याच्या मागच्यावर सहा. एवढंच. आता कॉन्ट्रॅक्ट बघा. बऱ्याच सेवांसाठी इन्शुरन्स कंपनीबरोबर करार असायचा की आम्ही चार्जच्या ६० टक्के देऊ. ठीक आहे, आम्हाला सहाशे डॉलर हवेत तर आम्ही चार्ज हजार लावणार. पुढच्या वर्षी इन्शुरन्सवाले येऊन म्हणणार की आमच्या गिऱ्हाईक कंपन्यांना जास्त डिस्काउंट दाखवायचाय, ५० टक्के करा. आम्ही म्हणणार करा की, आणि घरी जाऊन चार्ज तेराशे करणार. आता आम्हाला साडेसहाशे मिळतात, इन्शुरन्स कंपनी तिच्या गिऱ्हाइकाला सांगते आम्ही तुमच्यासाठी निम्मा डिस्काउंट मिळवला, आणि दोघंही त्या दिवशी खुशीत जेवायला जातात. मी गेलोय त्या जेवणाला.

मग इन्शुरन्स कंपनी एवढी बावळट का वागते असं कोणी विचारेल. बावळट नाही हो. २०१० च्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टमध्ये नियम आहे की प्रीमियममधले ८० टक्के, मोठ्या ग्रुपसाठी ८५ टक्के, उपचारांवरच खर्च झाले पाहिजेत, उरलेल्यात त्यांचा खर्च आणि नफा. हेतू चांगला होता, नफेखोरी रोखायची. पण नफा टक्केवारीत बांधला की नफा वाढवायचा रस्ता एकच उरतो, एकूण आकडा मोठा होऊ द्यायचा. आणि ज्या कंपन्या स्वतःच पैसे भरतात, इन्शुरन्सवाला फक्त कागदपत्रं बघायला असतो, तिथे हा नियम लागूच होत नाही, तिथे तर पैसे दुसऱ्याचेच, मग घासाघीस करून डोक्याला ताप कशाला. आंधळं दळतंय आणि कोण पीठ खातंय ते तुम्हीच बघा.

म्हणजे "बाजार फसला" असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं असतं की बाजार होता कुठे. पण "बाजार आणला की सगळं सुटेल" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण वेगळं आहे आणि ते जरा लांबलचक आहे.

जिथे खराखुरा बाजार आहे तिथे काय झालं ते आधी. डोळ्याची लेसिक सर्जरी इन्शुरन्स सहसा देत नाही, लोक स्वतःच्या पैशाने करतात, भाव जाहिरातीत लिहिलेला असतो. एका डोळ्याचा भाव वीसेक वर्षं दोन हजार डॉलरच्या आसपासच फिरतोय, मशीन मात्र कुठल्या कुठे गेली. महागाई धरली तर स्वस्तच झाली म्हणायची. ओक्लाहोमा सिटीत सर्जरी सेंटर ऑफ ओक्लाहोमा आहे, डॉक्टरांनी १९९७ साली काढलेलं, त्यांनी २००९ पासून वेबसाइटवर ऑपरेशनचे भाव टाकलेत, आणि भाव म्हणजे सगळा, सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर सगळं धरून एक आकडा. आमच्या लाइनीत तेव्हा लोक हसले होते, म्हणाले असं कसं करता येईल, प्रत्येक पेशंट वेगळा असतो. येतं करता. हॉस्पिटललासुद्धा सरासरी माहीत असते, सांगायची नसते.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात आवडतं कारण त्यात पैसा नाही नुसती परवानगी बदलली. ऐकायचं यंत्र. वर्षानुवर्षं ऑडिओलॉजिस्टकडे गेल्याशिवाय मिळायचं नाही, जोडीला हजारो डॉलर, आणि मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी इन्शुरन्स, ते देत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याने, सौम्य ते मध्यम बहिरेपण असलेल्या मोठ्या माणसांसाठी ती यंत्रं चष्म्यासारखी दुकानात विकायला परवानगी दिली आणि काहीशे डॉलरमध्ये जोडी मिळायला लागली. कोणी अनुदान दिलं नाही, कोणी भाव ठरवून दिला नाही. फक्त दारावरचा माणूस हटवला.

आणि असे दारावरचे माणसं अमेरिकेत किती आहेत हे बाहेरच्या लोकांना माहीतच नसतं. सर्टिफिकेट ऑफ नीड नावाचा प्रकार ऐकलाय? बऱ्याच राज्यांत नवीन हॉस्पिटल काढायचं, खाटा वाढवायच्या, कुठे कुठे तर एमआरआय मशीन घ्यायचं तरी आधी सरकारी मंडळाला पटवून द्यावं लागतं की इथे याची "गरज" आहे. न्यूयॉर्कने १९६४ मध्ये सुरू केलं, १९७४ मध्ये केंद्राने सगळ्या राज्यांना लावायला लावलं, विचार असा की मशीन कमी असतील तर विनाकारण तपासण्या होणार नाहीत आणि खर्च वाचेल. खर्च काही वाचला नाही, १९८७ मध्ये केंद्राने आपला कायदा गुंडाळला, पण तीसच्या वर राज्यांत तो अजून कुठल्या ना कुठल्या रूपात चालू आहे. का चालू आहे, तर सुनावणीला आधीचं हॉस्पिटल येऊन हरकत घेऊ शकतं. म्हणजे समोर दुसरं दुकान उघडू द्यायचं का हे आधीच्या दुकानदाराला विचारायचं! मी अशा हरकतींसाठी आकडे काढून दिलेत, त्यामुळे फार नैतिक बोलायचा मला हक्क नाही, पण काम काय होतं ते सांगतो. नवीन सेंटर आलं तर आमचे किती पेशंट जातील याचा तक्ता करायचा आणि त्यावर "रुग्णसेवेच्या दर्जावर परिणाम" असं शीर्षक द्यायचं.

तसंच डॉक्टरांच्या मालकीची हॉस्पिटलं. २०१० च्या त्याच कायद्याने अशी नवीन हॉस्पिटलं मेडिकेअरचे पेशंट घेऊ शकणार नाहीत असं ठरवलं आणि जुन्यांना वाढायला जवळजवळ बंदी घातली. कारण दिलं की डॉक्टर स्वतःच्या हॉस्पिटलात पेशंट ओढतील, जे काही अंशी खरंही आहे. पण हॉस्पिटलने डॉक्टरांची क्लिनिकंच विकत घ्यायची याला बंदी नाही. तिथे पेशंट ओढले जात नाहीत का? उलट गंमत अशी की तोच डॉक्टर, तीच खोली, तीच खुर्ची, पण क्लिनिक हॉस्पिटलने विकत घेतल्यावर दारावरची पाटी बदलते आणि बिलात फॅसिलिटी फी नावाची नवी ओळ येते. मेडिकेअरसुद्धा वर्षानुवर्षं त्याच कामाला हॉस्पिटलच्या पाटीखाली जास्त पैसे देत आलंय. माझ्या मते खर्च कमी करायचा सगळ्यात सोपा एकच नियम करायचा असेल तर तो हा, कुठल्याही पाटीखाली करा, त्याच कामाला तोच दर. यात बाजारवाले आणि सरकारवाले दोघं सहमत होऊ शकतात, म्हणूनच बहुतेक हॉस्पिटलवाल्यांना तो सगळ्यात नको असतो.

औषधांचं थोडक्यात सांगतो कारण तो वेगळाच विषय आहे. १९८४ च्या हॅच-वॅक्समन कायद्याने जेनेरिक औषधांना रस्ता मोकळा केला आणि आज अमेरिकेत दिल्या जाणाऱ्या दहातल्या नऊ प्रिस्क्रिप्शन जेनेरिकच्या असतात, तिथे अमेरिका खरंच स्वस्त आहे. पण पेटंट संपलं म्हणजे स्पर्धा आलीच असं नाही. २०१५ मध्ये डाराप्रिम नावाच्या जुन्या औषधाची गोळी १३.५० डॉलरवरून एका फटक्यात ७५० वर नेली, पेटंट कधीच संपलेलं होतं, फक्त दुसरा बनवणारा कोणी नव्हता. आणि मध्ये बसलेत पीबीएम, औषध कंपनी आणि तुमचा प्लॅन यांच्या मधले दलाल, तीन मोठ्या कंपन्यांच्या हातात सुमारे ८० टक्के प्रिस्क्रिप्शनचे क्लेम. औषधाची छापील किंमत जेवढी जास्त तेवढा औषध कंपनीकडून मिळणारा त्यांचा रिबेट, म्हणजे परतावा, मोठा. मार्क क्यूबन नावाच्या उद्योगपतीने २०२२ च्या जानेवारीत कॉस्ट प्लस ड्रग्ज ही औषधं विकणारी कंपनी काढली, खरेदीच्या भावावर १५ टक्के आणि थोडी ठराविक फी, सगळं उघड. काही जेनेरिक औषधं तिथे रोख घेतली तर इन्शुरन्सच्या कोपेपेक्षा, म्हणजे दर वेळी आपण भरायच्या वाट्यापेक्षा, स्वस्त पडतात. इन्शुरन्स असूनही इन्शुरन्स न दाखवणं स्वस्त, हे वाक्य परत एकदा वाचा.

आता माझं भांडण. बाजारवाल्यांचं गेल्या वीस वर्षांतलं लाडकं औषध म्हणजे मोठं डिडक्टिबल. पहिले काही हजार डॉलर पेशंटच्या खिशातून जाऊ द्या, २००३ च्या कायद्याने एचएसए खातं आलं त्यात टॅक्स न लागता पैसे साठवा, मग बघा लोक कसे भाव विचारत फिरतात. ऐकायला बरोबर वाटतं. मीही दोन-तीन वर्षं हेच विकलं. पण लोक भाव विचारत फिरत नाहीत.

याचा सगळ्यात मोठा प्रयोग रँड नावाच्या संशोधन संस्थेने १९७४ ते १९८२ मध्ये केला. हजारो लोक, चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या प्लॅनमध्ये घातलेले, काहींना सगळं फुकट, काहींना बराचसा खर्च स्वतःचा. ज्यांना पैसे भरावे लागले त्यांनी बऱ्यापैकी कमी उपचार घेतले आणि सरासरी माणसाची तब्येत काही बिघडली नाही, हे वाक्य बाजारवाले नेहमी सांगतात. न सांगितलेला भाग असा की लोकांनी गरजेचे आणि बिनगरजेचे उपचार सारखेच कमी केले, आणि जे गरीबही होते आणि आजारीही, त्यांचं ब्लडप्रेशर फुकट प्लॅनमध्ये जास्त ताब्यात राहिलं. नंतर अलीकडे एका मोठ्या कंपनीने सगळ्या कर्मचाऱ्यांना फुकट प्लॅनवरून मोठ्या डिडक्टिबलवर नेलं त्याचा अभ्यास झाला, खर्च बारा-चौदा टक्के उतरला, पण तो सगळा कमी जाण्यामुळे, स्वस्त ठिकाणी जाण्यामुळे नाही. शिकलेले, चांगल्या पगाराचे, कॉम्प्युटरवर काम करणारे लोक, भाव बघायचं टूलसुद्धा दिलेलं. पायाच्या एमआरआयचा एक अभ्यास आहे त्यात तर कळलं की पेशंट घरून निघून एमआरआयला पोचेपर्यंत वाटेत सरासरी सहा स्वस्त सेंटर ओलांडून जातो. का? कारण डॉक्टरने तिथे पाठवलं.

मी हसणार नाही त्यांना, मीही तेच करत होतो. गुडघा दुखत होता, ऑर्थोपेडिकने एमआरआय लिहून दिला आणि रिसेप्शनवरच्या बाईने त्याच बिल्डिंगमधल्या हॉस्पिटलच्या रेडिऑलॉजीत मंगळवारची वेळ पण घेऊन टाकली. मी "थँक यू" म्हणून गाडीपर्यंत गेलो. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की अरे, आपण दिवसभर लोकांना काय सांगतो. मग फोन लावला. हॉस्पिटलने विचारलं कोड काय, मला माहीत होता, ७३७२१, बाकीच्यांना कुठून माहीत असणार. तीन ठिकाणी फिरवलं, शेवटी एस्टिमेट दिलं २,८०० डॉलर आणि वर रेडिऑलॉजिस्टचं बिल वेगळं येईल ते आम्हाला सांगता येणार नाही. तिथून सात मिनिटांवर एक इमेजिंग सेंटर, रोख भाव ४५०, रिपोर्ट धरून. एक फोन, चाळीस सेकंद. तिथे केला.

या गोष्टीचा शेवट पुढे सांगतो, तो तेवढा गोड नाही.

भाव उघड करायचा कायदा झालाय ना मग, असं कोणी म्हणेल. झालाय. १ जानेवारी २०२१ पासून प्रत्येक हॉस्पिटलने सगळ्या इन्शुरन्स कंपन्यांबरोबर ठरलेले दर फाइलमध्ये टाकायचे आणि ३०० सेवा लोकांना वाचता येतील अशा द्यायच्या. सुरुवातीला दंड दिवसाला ३०० डॉलर होता, मोठ्या हॉस्पिटलला तो पार्किंगच्या पैशातून निघाला असता, मग २०२२ पासून मोठ्यांसाठी दिवसाला ५,५०० पर्यंत केला. मी या फायली रोज उघडतो. एकाच हॉस्पिटलात, एकाच कोडला, वेगवेगळ्या इन्शुरन्सचे वेगवेगळे दर, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यात पाच-पाच पट फरक, आणि बऱ्याचदा रोख पैसे देणाऱ्याचा दर इन्शुरन्सवाल्यापेक्षा कमी. माझ्यासारख्याला हा खजिना आहे. पण पेशंटला? त्याला कशाचाही पत्ता नाही. आणि एक धोकाही आहे. डेन्मार्कमध्ये १९९३ साली सरकारने स्पर्धा वाढावी म्हणून तयार काँक्रीटचे प्रत्यक्ष व्यवहारातले भाव छापायला सुरुवात केली आणि वर्षभरात भाव १५ ते २० टक्के वाढले, कारण गिऱ्हाइकापेक्षा विकणाऱ्यांनीच ते जास्त मन लावून वाचले. ज्या गावात दोनच हॉस्पिटलं आहेत तिथे स्वस्तवाल्याला कळणार की शेजारी किती घेतो.

मग काम कशाने होतं? माझ्या अनुभवात, पेशंटला एकट्याला बाजारात सोडून नाही, तर जो मोठे पैसे भरतो त्याने गिऱ्हाइकासारखं वागल्यावर. कॅल्पर्सचं उदाहरण मी प्रत्येक मीटिंगमध्ये देतो, कॅलिफोर्नियाच्या सरकारी कर्मचाऱ्यांची संस्था. त्यांनी बघितलं की गुडघा आणि खुबा बदलायच्या ऑपरेशनचे हॉस्पिटलचे दर १५ हजारांपासून लाखाच्याही वर जातात आणि दर्जात तसा फरक नाही. २०११ मध्ये त्यांनी सांगितलं, आम्ही हॉस्पिटलला ३० हजार डॉलरपर्यंत देणार, त्यात करणारी चांगली हॉस्पिटलं ही घ्या यादी, तुम्हाला महागात जायचं असेल तर जरूर जा, वरचा फरक तुमचा. बस. पहिल्या वर्षात त्या यादीतल्या हॉस्पिटलांकडचे पेशंट २१ टक्के वाढले, आणि मजा म्हणजे महागड्या हॉस्पिटलांनीच आपले दर ३४ टक्के खाली आणले. ज्यांनी आम्हाला सांगितलं असतं की आमचा खर्चच एवढा येतो, त्यांनी. डिडक्टिबलमध्ये आणि यात फरक काय ते बघा, डिडक्टिबल पहिले तीन हजार तुमच्याकडून घेतं, ऑपरेशन तीस हजाराचं असो की नव्वद हजाराचं तुम्हाला तेवढेच लागतात, मग स्वस्त शोधायचं कशाला? इथे उलट, पहिले तीस हजार प्लॅनचे आणि वरचा प्रत्येक डॉलर तुमचा. माँटाना राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या प्लॅननेही थोड्या वेगळ्या पद्धतीने हेच केलं, मेडिकेअरच्या दराचा ठराविक पट धरला आणि हॉस्पिटलांना सांगितलं घ्यायचं तर घ्या.

पण हे सगळं कुठे चालतं? ज्या गोष्टीला थांबता येतं, तुलना करता येते आणि आधीच भाव ठरवता येतो तिथे. गुडघा, मोतीबिंदू, एमआरआय, बाळंतपण बऱ्यापैकी, रोजची औषधं. छातीत कळ आल्यावर कोणी तीन कोटेशन मागवत नाही. अर्थतज्ज्ञ केनेथ अ‍ॅरोने १९६३ मध्येच मांडलं होतं की आजारपण कधी येईल माहीत नसतं आणि विकणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा खूप जास्त कळतं, त्यामुळे हा बाजार इतर बाजारांसारखा वागणार नाही. आणि एक आकडा कायम लक्षात ठेवा, अमेरिकेत सगळ्यात जास्त खर्च लागणारे पाच टक्के लोक एकूण खर्चाच्या निम्मा खर्च करतात. कॅन्सरचा, डायलिसिसचा पेशंट डिडक्टिबल जानेवारी-फेब्रुवारीतच संपवतो, पुढचं वर्षभर त्याला भावाचं काही देणंघेणं नाही आणि असूही नये. तिथे मी बाजाराचं नाव काढत नाही, तिथे इन्शुरन्सच पाहिजे आणि दराला कोणीतरी लगाम घातलेला पाहिजे. २०२२ पासून नो सरप्राइझेस अ‍ॅक्ट आलाय, इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे आपल्या इन्शुरन्सशी करार नसलेल्या, डॉक्टरचं अचानक बिल यायचं ते बंद झालं, बाजारवाले त्यावरही कुरकुरतात, मला तो शंभर टक्के पटतो. रस्त्यावरची अँब्युलन्स मात्र त्यातून सुटली, का ते विचारू नका.

सिंगापूरचं कोणी ना कोणी काढेलच म्हणून तेही. तिथे १९८४ पासून मेडिसेव्ह आहे, पगारातून पैसे स्वतःच्या आरोग्य खात्यात जातात, आणि २००३ पासून हॉस्पिटलांची बिलं सरासरी किती येतात ते सरकार छापतं. हे ऐकून बाजारवाले खूश होतात. पण मेडिसेव्ह सक्तीचं आहे, आणि दाखल होणारे बहुतेक पेशंट सरकारी हॉस्पिटलांतच जातात, तिथल्या खाटांचं अनुदान सरकारच ठरवतं. हा मोकळा बाजार म्हणायचा असेल तर म्हणा, माझी हरकत नाही, पण मग अर्धं तरी सांगू नका.

तुमच्यापैकी कोणी तिकडे राहत असेल आणि मोठ्या डिडक्टिबलचा प्लॅन असेल तर काम एवढंच करा, डॉक्टरकडून निघताना पाच आकडी कोड लिहून घ्या, हॉस्पिटलबाहेर होतं का विचारा, आणि फोनवर "कॅश प्राइस, सगळं धरून" असे शब्द वापरा. सगळं धरून हे महत्त्वाचं, नाहीतर मागून डॉक्टरचं बिल वेगळं येतं. आणि रोख दिलेले पैसे डिडक्टिबलमध्ये धरणार का हे आधी प्लॅनला विचारा, तेही लेखी.

हे शेवटचं मी विचारलं नव्हतं. एमआरआय मार्चमध्ये केला ४५० देऊन, फार शहाणपणा केला म्हणून ऑफिसात सांगत फिरलो. नोव्हेंबरमध्ये त्याच गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. माझं डिडक्टिबल ३,०००, ते भरलं की पुढे सगळं प्लॅनचं. मार्चचे ४५० रोख दिलेले, क्लेम गेलेलाच नाही, म्हणून धरले नाहीत, परत पहिल्यापासून ३,००० भरले. एकूण ३,४५०. रिसेप्शनवरच्या त्या बाईचं ऐकून मंगळवारी हॉस्पिटलातच गेलो असतो तर २,८०० डिडक्टिबलमध्ये पडले असते, ऑपरेशनला उरलेले २०० आणि काम झालं असतं ३,००० मध्ये. म्हणजे भाव विचारला म्हणून माझे ४५० जास्त गेले आणि प्लॅनचे २,८०० वाचले. त्या वर्षीपासून मी बसवतो त्या प्रत्येक प्लॅनमध्ये एक कलम आधी घालतो, रोख भरलेली पावती आणून द्या, डिडक्टिबलमध्ये धरू आणि वाचलेल्यातला हिस्सा तुम्हाला देऊ. पहिल्या कंपनीत सहा महिन्यांत अकरा पावत्या आल्या, त्यातल्या नऊ एमआरआयच्या.